मीटरवर ब्रेकचा लाल दिवा लागला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहेत ती आपल्याकडची नेहमीची छोटी गाडी: पुढे डिस्क, मागे ड्रम, ओढायचा हँडब्रेक. तुमच्या गाडीला चारही चाकांना डिस्क असेल किंवा बटणाचा हँडब्रेक असेल तर काही गोष्टी बदलतात; तिथे तसं सांगितलं आहे. गाडीचं मॅन्युअल आणि हे पान यांत फरक पडला तर मॅन्युअलचं ऐका.

दिवा नेमका कोणता? मीटरवर दहा दिवे आहेत.

लाल रंगाचं गोल, त्यात उद्गारचिन्ह, दोन्ही बाजूंना कंसासारख्या रेघा. बहुतेक गाड्यांत हा एकच दिवा दोन कामं करतो: हँडब्रेक ओढलेला आहे हे सांगतो आणि ब्रेक ऑइल कमी झालंय हेही सांगतो. त्यामुळेच गोंधळ होतो. काही गाड्यांत हँडब्रेकसाठी ‘पी’ अक्षराचा वेगळा दिवा असतो.

किल्ली फिरवल्यावर काही सेकंद हा दिवा लागणं बरोबरच आहे, बल्ब चालू आहे हे त्यातून कळतं. किल्ली ‘ऑन’ करून आणि हँडब्रेक ओढूनही तो लागतच नसेल तर ती खरी काळजीची गोष्ट. पिवळा एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या व्यवस्थेचा) दिवा वेगळा, त्याचं खाली बघू.

दिवा लागला. सगळ्यात आधी काय पाहू?

हँडब्रेक. हसू नका, निम्म्या वेळा तेच असतं. दांडा पूर्ण खाली गेलेला वाटतो, पण एक दात वर अडकलेला असतो, किंवा त्याच्या खाचेत नाणं, पेनाचं टोपण, मुलाच्या बिस्किटाचा कागद जाऊन बसलेला असतो. दांडा एकदा नीट वर ओढा, बटण दाबून पूर्ण खाली न्या. गेला दिवा? मग झालं. फक्त मागच्या दोन्ही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन बघा. ओढलेल्या हँडब्रेकवर पाच-सात किलोमीटर गाडी चालली असेल तर ड्रम चांगलेच तापलेले असतात, म्हणून हात टेकवू नका, उष्णता लांबूनच कळते.

गाडी चालवताना लागला तर थांबावं का?

थांबावं. पण घाबरून मध्येच नाही. आधी पेडल हलकेच दाबून बघा. नेहमीच्याच उंचीवर, नेहमीसारखं लागतंय? मग वेग कमी करत डावीकडे सुरक्षित जागा गाठा, बोनेट उघडा, पातळी बघा. पातळी ठीक असेल तर पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवून सावकाश गॅरेजपर्यंत जायला हरकत नाही.

पेडल नेहमीपेक्षा खाली जातंय, मऊ लागतंय, किंवा दाबून धरल्यावर हळूहळू फरशीकडे सरकतंय, तर गाडी तिथेच राहू द्या. ‘दोनच किलोमीटरवर गॅरेज आहे’ हा विचार नको. उचलून नेणारी गाडी बोलवा. विम्यासोबत रस्त्यावरच्या मदतीची सेवा घेतली असेल तर तो नंबर पॉलिसीवर असतो, आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३.

आणि चालत्या गाडीत ब्रेक लागलाच नाही तर?

पेडल भराभर मारा, कधी कधी दोन-तीन दाबांत थोडा दाब तयार होतो. आजच्या गाड्यांत ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग असतात; पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत बहुधा तिरके, म्हणजे पुढचं उजवं आणि मागचं डावं एका मार्गावर. एक मार्ग फुटला तरी दुसरा चालू असतो. पेडल खूप खाली जातं आणि गाडी उशिरा थांबते, पण थांबते. म्हणून पाय उचलून घेऊ नका, दाबलेलाच ठेवा.

सोबत एकेक गिअर खाली आणा, हॅझर्ड लावा, हॉर्न वाजवत राहा. हँडब्रेक बटण दाबूनच धरून थोडा थोडा ओढा; एकदम खेचला तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते. आणि इंजिन बंद करू नका. बूस्टरची, म्हणजे पेडलवरचा तुमचा जोर वाढवणाऱ्या भागाची, मदत जाते, स्टिअरिंग जड होतं, किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं.

ब्रेक ऑइलची डबी कुठे असते? पातळी कशी बघायची?

बोनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या बाजूला, काचेच्या अगदी खालच्या भिंतीजवळ. पांढरट, अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची छोटी डबी, काळं किंवा पिवळं झाकण, शेजारी मोठी काळी गोल थाळी (तो बूस्टर). डबीवर ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ अशा दोन खुणा कोरलेल्या असतात. गाडी सपाट जागी उभी हवी. बाहेरूनच दिसतं, झाकण उघडायची गरज नाही. डबी जुनी होऊन पिवळी पडली असेल तर मागून मोबाईलची बॅटरी धरा, रेषा लगेच दिसते.

झाकण उघडायचंच असेल तर आधी भोवतालची धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्या. तिथली माती आत पडली तर ती थेट मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या, डबीखालच्या भागाच्या) रबरांपर्यंत जाते.

पातळी कमी होती. बाटली आणली, भरलं, दिवा गेला. संपलं ना काम?

नाही. या पानावरचा एकच प्रश्न वाचणार असाल तर हा वाचा.

ब्रेक ऑइल जळत नाही, झिजत नाही. बंद नळ्यांत असतं. ते डबीत कमी दिसतंय म्हणजे दोनच शक्यता: ते गाडीतच दुसरीकडे गेलंय, किंवा गाडीबाहेर गेलंय.

‘गाडीतच दुसरीकडे’ म्हणजे कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटणाऱ्या भागात. पॅड झिजला की कॅलिपरमधला पिस्टन तेवढा पुढे सरकतो आणि त्याच्या मागची मोकळी जागा ऑइल भरून काढतं. हिशेब करून बघा. पिस्टनचा व्यास ५० मिलिमीटर धरला तर त्याचं क्षेत्रफळ साधारण १९.६ चौरस सेंटिमीटर. एका चाकाचे दोन्ही पॅड प्रत्येकी ७ मिलिमीटर झिजले तर एका पिस्टनच्या कॅलिपरमध्ये तो १४ मिलिमीटर बाहेर येतो, म्हणजे सुमारे २७ मिलिलिटर ऑइल एका चाकात जाऊन बसलं. दोन पुढची चाकं मिळून पन्नासच्या वर. छोट्या गाडीच्या डबीत तेवढ्याने पातळी स्पष्ट खाली येते. गळती कुठेच नाही, तरीही.

म्हणजे वर्ष-दोन वर्षांत हळूहळू उतरून ‘मिन’ला टेकलेली पातळी हा पॅड संपत आल्याचा निरोप असतो. तुम्ही वरून भरून तो निरोप पुसून टाकता. पुढे पॅड पत्र्यापर्यंत झिजून डिस्क खरवडली जाते, कारण आता दिवा लागत नाही. शिवाय नवे पॅड बसवताना मेकॅनिक पिस्टन मागे ढकलतो, तेव्हा वरून भरलेलं जास्तीचं ऑइल डबीतून उसळून खाली सांडतं आणि रंग खातं.

म्हणून क्रम असा: आधी पॅड बघा. जाड आहेत आणि तरी पातळी उतरली, तर गळती आहे असंच धरून चाला. गॅरेजपर्यंत जाण्यापुरतं ‘मिन’च्या जरा वर येईल इतकंच भरा, ‘मॅक्स’पर्यंत नको. आणि भरल्यावर पेनाने डबीवर रेष मारून तारीख टाका. आठवड्याभरात रेषेखाली आलं तर दुसरा पुरावा लागत नाही.

पॅड किती उरलेत हे चाक न काढता कळतं का?

अलॉय चाकं असतील तर बहुतेकदा कळतं. टॉर्च मारून स्पोकमधून कॅलिपर बघा, डिस्कला चिकटलेला बाहेरचा पॅड दिसतो. नव्या पॅडचा घासणारा भाग साधारण १० मिलिमीटरचा असतो; तो ३ मिलिमीटरवर आला की बदलायचा. मात्र आतला पॅड बाहेरच्यापेक्षा लवकर झिजलेला असू शकतो, विशेषतः कॅलिपरच्या पिना गंजून जाम झाल्या असतील तर. तो बघायला चाक काढावंच लागतं. ब्रेक लावताना चिर्र असा बारीक आवाज येत असेल तर पॅडवरची खूण-पट्टी डिस्कला लागतेय, फार दिवस उरलेले नाहीत.

पॅड चांगले आहेत. गळती शोधायची कुठे?

रात्रभर गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं पसरून ठेवा, चारही चाकांखाली आणि पुढे इंजिनाखाली. सकाळी डाग कुठे आहे ते बघा. डाग कशाचा हे ओळखायला सोपी परीक्षा आहे: वाटीत पाणी घेऊन त्यात थेंब टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ग्रीस वर तरंगतं. एसीचं पाणी तर पाणीच असतं, बोटांना बुळबुळीत लागत नाही.

आपल्याकडच्या गाड्यांत गळतीची लाडकी जागा म्हणजे मागच्या ड्रममधला व्हील सिलिंडर (ब्रेक शू बाहेर ढकलून ड्रमला टेकवणारा भाग). टायरच्या आतल्या बाजूला ओल, ड्रमच्या पाठच्या पत्र्यावरून खाली उतरलेला ओघळ, त्यावर चिकटलेली काळी धूळ. ड्रम काढून सिलिंडरच्या दोन्ही टोकांची रबरी टोपी नखाने उचला. आत ओलं असेल तर चोर सापडला. ऑइलने भिजलेले ब्रेक शू धुऊन, घासून परत लावू नका. शूवरचं घासणारं लायनर ते शोषून घेतं आणि गरम झाल्यावर परत सोडतं. शू बदलायचे, आणि दोन्ही चाकांचे एकत्र. सिलिंडरला नुसतं रबर किट टाकायचं की नवाच घ्यायचा? आतली भिंत आरशासारखी असेल तर किट चालतं. गंजाचे खड्डे दिसले तर किट टाकणं म्हणजे महिन्याभराने तोच खर्च पुन्हा.

दुसरी जागा, चाकाकडे जाणारे रबरी होज. स्टिअरिंग पूर्ण वळवून ते वाकवून बघा, चिरा दिसतात. तिसरी, गाडीच्या पोटाखालून मागे जाणारी लोखंडी नळी. रत्नागिरी, मालवण, अलिबाग, पणजी अशा खाऱ्या हवेतल्या गाड्यांत क्लिपांखाली चिखल साचून नळी तिथेच कुजते. वरून रंग शाबूत दिसतो, क्लिप उचलली की खपली निघते.

चौथी जागा फसवी आहे. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं तर ऑइल बाहेर ठिबकत नाही, मागच्या बूस्टरच्या पोटात जमा होतं. जमीन कोरडी, चाकं कोरडी, पातळी मात्र उतरते. मास्टर सिलिंडर आणि काळी थाळी जिथे जोडली आहे तिथे खालून बोट फिरवा. ओलं लागलं किंवा थाळीचा रंग तिथे फुगून निघाला असेल तर मास्टर सिलिंडर खोलायला सांगा.

चारही चाकं, नळ्या, मास्टर सगळं कोरडं आहे. मग?

क्लच बघा. हायड्रॉलिक क्लच असलेल्या अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लच एकाच डबीतलं ऑइल वापरतात. क्लचचं पेडल उचलताना खालीच राहत असेल, गिअर टाकताना करकर होत असेल, तर गळती त्या बाजूला आहे. क्लच पेडलच्या वरच्या भागात आणि खालच्या मॅटवर हात फिरवा. डबीतून क्लचकडे जाणारी नळी मुद्दाम वरच्या बाजूला काढलेली असते. क्लचने गळून गळून पातळी त्या तोंडापर्यंत उतरते आणि थांबते, ब्रेकपुरतं खाली राहतं. त्यामुळे ‘एका ठरावीक रेषेपर्यंतच कमी होतं, त्याखाली जात नाही’ अशी तक्रार असेल तर माझा संशय क्लचवर.

पातळी बरोबर ‘मॅक्स’ला आहे, हँडब्रेक खाली आहे, तरी दिवा जात नाही.

आता वायरिंगचा भाग. डबीच्या आत एक तरंगता बोळा असतो, त्यात लोहचुंबक. पातळी उतरली की बोळा खाली येतो, चुंबकाने एक बारीक स्विच जोडला जातो आणि दिवा लागतो. हँडब्रेकच्या मुळाशी असाच साधा दाबाचा स्विच असतो. दोघांपैकी कोण बोलतंय ते शोधायचं आहे.

डबीच्या खालच्या किंवा बाजूच्या अंगाला दोन वायरींचं सॉकेट असतं (काही गाड्यांत ते झाकणावरच असतं). किल्ली ‘ऑन’ ठेवून ते काढा. दिवा विझला तर दोष डबीतल्या स्विचचा. बोळा वर्षांच्या गाळाने चिकटलेला असतो, किंवा त्यात ऑइल शिरून तो बुडालेला असतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने डबीवर हलकेच टिचक्या मारा. कधी कधी बोळा सुटून वर येतो. पण सुटला तरी गाळ तिथेच आहे, म्हणजे ऑइल बदलायची वेळ झालेली आहे. बुडालेला बोळा दुरुस्त होत नाही. काही गाड्यांत झाकण किंवा स्विच वेगळा मिळतो, काहींत आख्खी डबी घ्यावी लागते.

सॉकेट काढूनही दिवा लागलेलाच राहिला तर हँडब्रेकच्या स्विचची वायर काढून बघा. तरीही चालू? मग वायर मध्येच कुठेतरी बॉडीला टेकली आहे. पावसाळ्यात आणि थंडीत इंजिनाच्या उबेला उंदीर येऊन बसतात. वायरींवर त्यांचे दात दिसतात, मोबाईलची बॅटरी घेऊन सॉकेटपासून मागे मागे बघत जा.

मल्टिमीटर असेल तर अंदाज लढवायची गरजच नाही. सॉकेट काढून डबीच्या दोन पिनांवर लावा: बोळा वर असताना मीटर गप्प, खाली दाबल्यावर ‘टीं’ वाजला पाहिजे. नव्या, जास्त इलेक्ट्रॉनिक गाड्यांत मात्र सॉकेट काढणं हाच दोष समजून संगणक दिवा लावून ठेवतो. तिथे ही युक्ती फसवेल, स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोष वाचणारं यंत्र) लावावा लागेल.

दिवा वळणावर किंवा उतारावर मिचकावतो, सरळ रस्त्यावर विझतो.

पातळी काठावर आहे. गाडी कलली की ऑइल एका बाजूला जातं आणि बोळा क्षणभर खाली येतो. याला ‘सेन्सर खराब आहे’ म्हणून सोडून देणारे फार भेटतात. उलट सेन्सर अगदी चोख काम करतोय. वरचा पॅडवाला प्रश्न पुन्हा वाचा.

लाल दिवा आणि पिवळा एबीएसचा दिवा दोन्ही एकदम लागले.

पातळी बघाच. ती ठीक असेल तर बहुधा ईबीडी बंद पडलं आहे. ईबीडी म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकची ताकद वाटून देणारी व्यवस्था. ती नसेल तर जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी जाम होऊन गाडीची शेपूट फिरू शकते. साधा ब्रेक लागतो, म्हणून हळू चालवत स्कॅनर असलेल्या गॅरेजला न्या. कारण पुष्कळदा चाकाजवळच्या सेन्सरवरचा चिखल किंवा तुटलेली वायर इतकंच निघतं, पण ते कोणत्या चाकाचं हे स्कॅनर पटकन सांगतो. एकटाच पिवळा लागला असेल तर ब्रेक नेहमीसारखा, फक्त चाक जाम होण्यापासूनचं संरक्षण नाही.

ब्रेकचा आणि बॅटरीचा दिवा सोबत?

काही गाड्यांत अल्टरनेटर (पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग) चार्जिंग करत नसेल तर हे दोन्ही एकत्र लागतात. पट्टा बघा. जुन्या काही डिझेल गाड्यांत ब्रेकच्या बूस्टरचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीवरच असतो. तिथे पट्टा तुटला की चार्जिंगसोबत ब्रेकची मदतही जाते आणि पेडल दगडासारखं घट्ट होतं.

दिवा लागत नाही, पण पेडल मऊ वाटतं. म्हणजे ठीक ना?

ठीक नाही. दिवा फक्त ऑइल किती आहे ते सांगतो, कसं आहे ते नाही. मऊ पेडल म्हणजे नळ्यांत हवा किंवा पाणी शिरलेलं जुनं ऑइल. दाबून धरल्यावर खाली सरकणारं पेडल आणि बाहेर गळती नाही, तर मास्टर सिलिंडरची आतली रबरं गेली आहेत. ऑइल बाहेर जातच नाही, आतल्या आत मागे पळतं, म्हणून दिवा शेवटपर्यंत लागणार नाही. आणि घट्ट पेडल असेल तर बूस्टर तपासा: इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल मारा, दाबून धरा आणि गाडी चालू करा. पेडल पायाखाली जरासं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टर, त्याची नळी किंवा व्हॅक्यूम पंप.

डॉट ३, डॉट ४, डॉट ५.१ यातलं कोणतं घ्यायचं?

झाकणावर लिहिलेलं असतं, तेच. हे आकडे उकळण्याशी संबंधित आहेत. अमेरिकी मानकाप्रमाणे कोऱ्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३०, डॉट ५.१ चा २६०. पण खरा आकडा दुसरा आहे: ३.७ टक्के पाणी शिरल्यावर हेच आकडे १४०, १५५ आणि १८० वर येतात. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा ओढून घेतं, त्यामुळे मुंबई-कोकणात दोन पावसाळे काढलेलं डॉट ४ कोऱ्या डॉट ३ पेक्षाही वाईट असू शकतं.

डॉट ३ लिहिलेल्या गाडीत डॉट ४ सहसा चालतं. उलटं करू नका. डॉट ५ मात्र पूर्ण वेगळं, सिलिकॉनचं. ते बाकीच्यांत मिसळत नाही, आपल्या रोजच्या गाड्यांत घालायचं नाही. ५ आणि ५.१ नावाने जवळचे दिसतात, दुकानात बाटली नीट वाचून घ्या. मागच्या वर्षी उघडलेली अर्धी बाटली घरात पडली असेल तर ती गाडीत नको. सीलबंद छोटी बाटली काहीशे रुपयांत येते.

आडरस्त्यावर आहे, ब्रेक ऑइल मिळत नाही. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं थोडं घातलं तर?

थेंबभरसुद्धा नाही. ब्रेकमधली रबरं खनिज तेलाने फुगतात. मास्टर सिलिंडर, कॅलिपर, व्हील सिलिंडर, होज, सगळीकडची. ब्रेक आधी सुटेनासा होतो, मग लागेनासा होतो, आणि दुरुस्ती म्हणजे रबर असलेला प्रत्येक भाग बदलणं. कोणीतरी चुकून घातलंय का हे बघायचं असेल तर झाकणाच्या आतलं रबर बघा; ते फुगून लाटा आल्यासारखं झालं असेल तर उत्तर मिळालं. अशा वेळी गाडी चालू करून ब्रेक दाबूही नका, तेल पुढे ढकललं जातं. पेट्रोल, डिझेल, रॉकेलने भाग धुण्याची जुनी सवयही याच कारणाने वाईट.

ऑइल किती दिवसांनी बदलायचं?

अनेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते. कमी चालणाऱ्या गाडीलाही वर्षांचाच हिशेब लागू. रंग काळा पडला म्हणजे जुनं झालं हे खरं, पण पिवळं दिसतंय म्हणजे चांगलं हे खरं नाही, पाणी दिसत नाही. गॅरेजमध्ये पेनासारखा टेस्टर असतो, तो बुडवून बघायला सांगा. आणि ‘बदललं’ म्हणजे डबीतलं पिचकारीने काढून नवं ओतणं नव्हे. चारही चाकांजवळच्या निपलमधून (ऑइल आणि हवा बाहेर काढायच्या छोट्या स्क्रूमधून) स्वच्छ ऑइल येईपर्यंत जुनं काढायचं असतं.

ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा घरी काढता येईल का?

दोन माणसं आणि धीर असेल तर येते. निपलला बसणारा रिंग पाना (८, १० किंवा ११ नंबर), पारदर्शक नळी, तळाशी थोडं ऑइल असलेली बाटली. आत बसलेल्याने पेडल सावकाश दाबून धरायचं आणि तोंडाने ‘धरलं’ म्हणायचं. मग तुम्ही निपल पाव आटा उघडायचं, बुडबुडे बाहेर, निपल बंद, तुम्ही ‘सोड’ म्हणालात की त्याने पाय उचलायचा. क्रम चुकला, निपल उघडं असताना पाय उचलला, की बाटलीतली हवा आत. दर पाच-सहा दाबांनी डबीत ऑइल घाला. डबी रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून.

कोणत्या चाकापासून सुरुवात, हे मॅन्युअलमध्ये बघा. पूर्वी सर्रास सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे आपल्याकडे मागच्या डाव्यापासून करत. तिरक्या मार्गाच्या गाड्यांत कंपनीचा क्रम वेगळा असू शकतो. जुन्या गाडीत पेडल फरशीपर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टर सिलिंडरचा कधीच न वापरलेला भाग गंजलेला असतो आणि त्यावरून घासलं की चांगली सीलं फाटतात. गाडी जॅकवर उभी ठेवून खाली शिरायचं नाही, टेकूच्या घोड्या लावा. एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली असेल तर ती काही गाड्यांत स्कॅनरशिवाय निघतच नाही. गंजलेल्या निपलला जोर लावून तोडलंत तर पूर्ण सिलिंडर गेला. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. मागच्या चाकांना डिस्क आणि बटणाचा हँडब्रेक असेल तर पिस्टन मागे ढकलायला स्कॅनरमधून सर्व्हिस मोड लावावा लागतो, तिथे हात घालू नका.

घाट उतरून खाली आलो आणि पेडल फरशीला टेकलं. अर्ध्या तासाने आपोआप ठीक झालं. काय झालं होतं?

ऑइल उकळलं. जुन्या ऑइलमधल्या पाण्याची वाफ झाली. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, म्हणून पाय आत गेला. थंड झाल्यावर वाफेचं परत पाणी झालं आणि पेडल वर आलं. पातळी तीच, त्यामुळे दिवा लागायचा प्रश्नच नाही. ‘आता ठीक आहे’ असं समजून परतीचा घाट चढू-उतरू नका, ऑइल बदलून घ्या. आंबोली, वरंध, कुंभार्ली, माळशेज कुठलाही असो, ज्या गिअरमध्ये तो चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा. ब्रेकवर सतत पाय टेकवून ठेवण्यापेक्षा वेग वाढला की ठामपणे दाबून कमी करायचा आणि पाय उचलायचा. न्यूट्रलमध्ये डिझेल वाचवत उतरणाऱ्यांनी पॅडची आणि स्वतःची किंमत एकदा शेजारी शेजारी मांडून बघावी.

पेडल खाली न जाता घट्टच होतं पण गाडी थांबत नव्हती, असं असेल तर ते वेगळं. तिथे पॅड जास्त तापून पकड गेली होती.

रंगावर किंवा हातावर सांडलं तर?

रंगावर पडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. हात साबणाने धुवा. डोळ्यात गेलं तर बराच वेळ पाण्याने धुऊन डॉक्टरकडे जा. काढलेलं जुनं ऑइल गटारात किंवा कुंडीत नको, जुनं इंजिन ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला वेगळ्या बाटलीत द्या.

मेकॅनिक म्हणाला, सेन्सरची वायर काढून टाकतो, दिवा येणार नाही.

दुसरा मेकॅनिक बघा.

गॅरेजला नेल्यावर काय विचारू, म्हणजे उगाच बिल होणार नाही?

‘ब्रेकचं काम करा’ असं मोघम सांगू नका. ऑइल कमी झालंय, कुठे गेलं ते दाखवा, असं सांगा. पॅड किती मिलिमीटर उरले ते तुमच्यासमोर मोजायला लावा, मागचे ड्रम उघडल्यावर फोटो मागा. काढलेले भाग ताब्यात घ्या. गळती नसताना मास्टर सिलिंडर बदलायचा सल्ला मिळाला तर पेडल दाबून धरायची परीक्षा स्वतः करून बघा: सरकत नसेल, बूस्टरजवळ ओल नसेल, तर तो बदलायचं कारण आणखी एकदा विचारा. उलट ऑइलने भिजलेले शू बदलायला सांगितले तर तिथे घासाघीस करू नका.

इलेक्ट्रिक गाडीलाही ब्रेक ऑइल लागतं का?

लागतं. पाय उचलला की मोटर जनरेटरसारखी चालून बराच वेग कमी करते, त्यामुळे पॅड खूप टिकतात. पण ऑइल त्याच दमट हवेत असतं आणि वर्षांनुसारच खराब होतं. उलट वापर कमी म्हणून कॅलिपरच्या पिना गंजून जाम व्हायची शक्यता वाढते. बाकी डबी, बोळा, दिवा सगळं तेच.

जुनी गाडी घ्यायची आहे. यातलं काय तपासू?

किल्ली ‘ऑन’ केल्यावर लाल दिवा लागतो का, हे आधी. बल्ब काढून किंवा वायर तोडून दिवा गप्प केलेल्या गाड्या बाजारात येतात. मग बोनेट उघडा. बाकी डबी मळकट, जुनी, आणि ऑइल मात्र कोरं, काठोकाठ ‘मॅक्स’ला असेल तर कालच कोणीतरी वरून भरलंय, पॅड बघितल्याशिवाय पुढचं बोलू नका. मागच्या टायरांच्या आतल्या बाजूला हात फिरवा. गाडी उभी असतानाच पेडल जोरात दाबून मनात तीसपर्यंत मोजा, सरकता कामा नये. चाचणीची फेरी त्यानंतर, आणि शक्यतो उताराच्या रस्त्यावर नको.